लोकाचं लेकरू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो. आपल्या पोराच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभं असलेलं शेजारचं पोर तो विचारतं, "काकी, तुम्ही गावाला जाणार ना? मी पण येऊ?" काकी हसते आणि म्हणते, "आईला विचार." मग दोघी आया जिन्यात, गॅलरीत किंवा हल्ली फोनवर बोलतात. बोलणं पाच मिनिटांचं असतं. तेवढ्यात एक घर आपला जीव दुसऱ्या घराच्या हाती देऊन मोकळं होतं. मोकळं होतं म्हणायचं एवढंच. पोर परत येईपर्यंत त्या आईला धड झोप लागत नाही. आजचं बोलणं आहे ते असं दुसऱ्याचं मूल सुट्टीत आपल्याबरोबर नेण्याविषयी.

मी शब्दांत रमणारा माणूस, तेव्हा सुरुवात शब्दापासूनच करतो. आमच्या घरात अशा मुलाला एक शब्द होता, अमानत. म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. जशी दिली तशी परत करायची. तिच्यावर आपला हक्क नाही, पण तिची जबाबदारी पुरती आपली. हाच अरबी शब्द मराठीत येता येता उलटापालटा झाला आणि 'अनामत' बनला. आता तो आपल्याला भेटतो निवडणुकीत जप्त होणाऱ्या रकमेत, नाहीतर विजेच्या मीटरच्या पावतीवर. अक्षरं जागची हलली तशी त्यातली माया पण जरा हलली. मला मात्र तो शब्द आठवतो तो मुलांच्या संदर्भात.

माझं लहानपण मुंबईत माझगावच्या एका चाळीत गेलं. अब्बा गोदीत कामाला. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळ. मे महिन्यात आम्ही भावंडं अम्मीबरोबर नानीकडे जायचो आणि आमच्याबरोबर दर वर्षी चाळीतलं एखादं पोर असायचंच. यात कुणाला विशेष काही वाटत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची. त्यातलं एक महिनाभर समुद्राची हवा खाऊन येणार म्हटलं की मागे उरलेल्यांनाही पाय पसरायला जागा व्हायची.

शेजारच्या काकांना मात्र गावच उरलं नव्हतं. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६० च्या दशकात कोयना धरण पुरं झालं आणि त्या खोऱ्यातली कितीतरी गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली. त्यांत त्यांचंही गेलं. घर, अंगण, गोठा, सगळंच. मे महिना आला की चाळ रिकामी व्हायची, वळकट्या आणि ट्रंका जिन्यावरून उतरायच्या आणि त्यांचा धाकटा गॅलरीच्या कठड्याला धरून बघत राहायचा. एका वर्षी अब्बांनी काकांना विचारलं, "भाऊ, याला आमच्याबरोबर पाठवता का?" ते साल होतं १९८०. मी दहा वर्षांचा होतो, तोही माझ्याच वयाचा.

आता अडचण अशी की काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. आणि आमचं गाव समुद्रकाठचं, सकाळ-संध्याकाळ मासळीचा वास. काकी अम्मीला एवढंच म्हणाल्या, "भाभी, त्याच्या खाण्याचं तेवढं बघा." अम्मीनं नानीला पत्र धाडलं.

रात्रीच्या लाल एसटीनं कशेडीचा घाट उतरून आम्ही गावी पोचलो तेव्हा नानीची तयारी झालेली होती. परसात तीन दगडांची वेगळी चूल. नवं मडकं, नवा तवा, नवी पळी. त्या चुलीवर त्याच्यासाठी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी व्हायची. आमच्या ताटात काय आहे यावर त्यानं नाक मुरडलं नाही आणि त्याच्या ताटाकडे बघून आम्ही हसलो नाही. हसलो असतो तर नानीनं पळी हाणली असती, तीही नवी.

पण मुलं ती मुलंच. आठवडाभरात त्यालाच तळलेल्या माशाच्या वासानं पाणी सुटलं. एका दुपारी तो नानीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "एक तुकडा द्या ना. मी घरी सांगणार नाही." नानी शाळेत कधी गेली नव्हती. पण तिनं दिलेलं उत्तर मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. ती म्हणाली, "तू सांगणार नाहीस रे, पण मला तर ठाऊक असेल ना! तुझ्या आवशीला मी बोल दिलाय. मोठा हो, मग तुझं तू बघ. माझ्या घरात नाय."

श्रोतेहो, अमानत म्हणजे हे. मुलाचं मन मोडायचं नाही हे तर खरंच. पण मूल ज्यांचं आहे त्यांना दिलेला शब्द मुलाच्या हट्टापेक्षा मोठा. कुणी बघत नसताना, स्वतः मूलच परवानगी देत असताना तो पाळायचा. नानीला त्याच्या माळेचा अर्थ पुरता ठाऊक होता असं नाही. आपल्या घरात तो चालत आला नसून कुणीतरी विश्वासानं पाठवला आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तो मित्र आता माझ्यासारखाच पन्नाशी ओलांडून गेलाय. अजून मासे खात नाही. कारण विचारलं तर माळेचं नाव न घेता नानीचं घेतो.

दुसऱ्याचं मूल मोकळ्या हवेत नेऊन सांभाळण्याची ही रीत फार जुनी आहे. मक्केतली घरंदाज कुटुंबं आपली तान्ही बाळं वाळवंटातल्या टोळ्यांकडे दायांच्या हवाली करत असत. शहराबाहेरची हवा बाळाला मानवावी, भाषा शुद्ध व्हावी, हा हेतू. पैगंबर मुहम्मद साहेबांना असंच बनू साद टोळीतल्या हलीमा दाईनं वाढवलं. तिची मुलगी शैमा त्यांना कडेवर घेऊन फिरायची. सीरतच्या ग्रंथांत असं सांगतात, की पुढे कितीतरी वर्षांनी, एका लढाईनंतर, ही शैमा त्यांच्यासमोर आली. ओळख पटताच त्यांनी अंगावरची चादर पसरून तिला तिच्यावर बसवलं. आणि आपल्याकडे तर ही गोष्ट अंगाईतूनच ऐकलेली असते. देवकीचं लेकरू यशोदेच्या अंगणात वाढलं आणि जगानं आई म्हणून यशोदेचं नाव आधी घेतलं. दोन धर्म, दोन मुलुख, पण दोन्ही गोष्टींतलं सांगणं एकच. लहानपणी परक्या घरानं दिलेला जिव्हाळा मूल कधी विसरत नाही.

परदेशातही याच्या मोठ्या चळवळी झाल्या. १८७७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन या छोट्या गावातल्या एका धर्मोपदेशकानं आपल्या गावकऱ्यांना विनंती केली, की न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतली गरीब मुलं उन्हाळ्यात थोडे दिवस आपल्या घरी ठेवून घ्या. त्यातून फ्रेश एअर फंड उभा राहिला. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर बेलारूसमधली मुलं आयर्लंड, इटलीतल्या घरांत काही आठवडे राहायला जाऊ लागली. स्वच्छ हवा, स्वच्छ अन्न आणि चार दिवस भीतीपासून सुटका. तिथे यासाठी संस्था काढाव्या लागल्या. आमच्या चाळीत ते काम गॅलरी करायची.

पण गॅलरीलाही तडे जातात. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत काय झालं ते माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण आमच्याबरोबर गावाला यायची होती. दर वर्षी यायची. निघायच्या दोन दिवस आधी तिच्या आईनं सांगितलं, "अंगात कणकण आहे हो तिच्या. या वर्षी राहू द्या." मुलगी तर खाली खेळत होती. अम्मीनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अम्मी म्हणाली, "बरी झाली की पुढच्या वर्षी." घरी येऊन तिनं एक तिकीट रद्द करायला सांगितलं आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली. निवडून झालेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती.

मी त्या आईला दोष देत नाही. भीती वाईट असते आणि पोटच्या गोळ्याची भीती सर्वांत वाईट. पुढच्याही वर्षी ती मुलगी आली नाही. १९९५ साली मात्र अम्मीनं वेगळा मार्ग काढला. ती स्वतः त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "ताई, या वर्षी तुम्हीच चला. तुम्हीपण कुठे गेला नाहीत कितीतरी वर्षांत." आणि त्या आल्या. आठ दिवस राहिल्या. नानीच्या परसातल्या चुलीपाशी बसून भाकऱ्या थापल्या. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला आमच्याबरोबर नाक धरून आल्या. १९९६ च्या मेमध्ये त्यांनी मुलीला एकटीला पाठवलं. तुटलेला विश्वास भाषणांनी सांधत नाही, हे मी भाषण करतानाच सांगतोय. तो असा कुणाच्या तरी चुलीपाशी बसून सांधतो. आणि त्यासाठी आधी कुणीतरी उठून शेजारच्या दारात जावं लागतं.

आता चाळ राहिली नाही. कशेडीला बोगदा झाला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून खेडला उतरून दापोली गाठता येते. सुट्टी म्हणजे आता रिसॉर्ट, पॅकेज, विमान. घरात एक किंवा दोन मुलं. म्हणूनच मला वाटतं, की दुसऱ्याचं मूल बरोबर नेण्याची गरज आज जास्त आहे. एकुलतं एक पोर आईबापांच्या मधे बसून समुद्र बघतं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून मोबाइल मागतं. तेच बरोबर मित्र असेल तर त्याला वाळूचा किल्ला पुरतो. खिडकीची जागा वाटून घ्यावी लागते, आंब्याची बाठ कुणाची यावर भांडावं लागतं आणि मिटवावंही लागतं. हे शिक्षण कुठल्याही शिबिरात विकत मिळत नाही.

फक्त नेताना काही गोष्टी सांभाळायला हव्यात. मी आजवर पुष्कळ मुलं नेली आणि माझी मुलंही इतरांबरोबर पाठवली, त्यातून जमलेलं थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे, मुलाला विचारण्याआधी त्याच्या आईवडलांना विचारा. एकदा मुलाच्या कानावर गेलं की त्यांना नाही म्हणणं जड जातं. आणि ते हो म्हणाले की बारीकसारीक विचारून घ्या. कशाची ॲलर्जी आहे का? औषध कुठलं, किती वाजता? बस लागते का? रात्री अंथरूण ओलं होतं का? अंधाराची भीती आहे का? पोहता येतं का? विचारायला संकोच वाटतो, पण नंतर निस्तरताना त्याहून जास्त वाटतो. आईवडलांनी सही केलेली संमतीची चिठ्ठी, त्यांचे फोन नंबर आणि मुलाच्या ओळखपत्राची प्रत जवळ असू द्या. हॉटेलात किंवा दवाखान्यात कुणी विचारलं तर उपयोगी पडते. ओळखपत्र नसलं तरी मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि रेल्वेची १३९, हे दोन आकडे मुलांनाही पाठ असावेत.

दुसरं, पैशाचं. इथे आपण उगीच भिडस्तपणा करतो. त्याच्या आईवडलांनी प्रवासाचं भाडं देऊ केलं तर खुशाल घ्या. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. रेल्वेत मात्र २०१६ च्या एप्रिलपासून त्या वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. ही रक्कम देणाऱ्याला मान असतो, तो आपण काढून घेऊ नये. आणि जे देऊ शकत नाहीत त्यांच्यापाशी विषय काढू नये. एकदा मूल घरातून निघालं की मात्र हिशेब बंद. आइस्क्रीम घ्यायचं तर सगळ्यांना एकच. आपल्याला चाळीसचं आणि त्याला वीसचं, हे मूल तोंडानं बोलत नाही, पण म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवतं.

तिसरं पाण्याचं. कोकणचा समुद्र दिसतो तितका गरीब नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला सहलीला आलेली पुण्याची कॉलेजातली मुलं बुडाली. ती तर मोठी, जाणती मुलं होती. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. म्हणून भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही आणि मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं काठावर नुसतं बघत उभं राहायचं. फोन खिशात ठेवून. आमच्याकडे ते काम मामूंचं होतं. ते स्वतः कधी भिजले नाहीत, आम्ही सगळे सुखरूप भिजलो.

चौथी गोष्ट नाजूक आहे, पण बोलायलाच हवी. मूल कुठे झोपणार, घरात आणखी कोण असणार, हे विचारण्याचा त्याच्या आईवडलांना पूर्ण हक्क आहे. कुणी विचारलं तर 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून रुसू नये. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ साली आला, तो घराच्या आत आणि ओळखीच्या माणसांकडूनही धोका असतो हे ओळखूनच. आपण आपणहून सांगावं, मुली इथे झोपतील, मुलं तिथे, आणि मी दाराशी. मुलाला रोज एकदा घरी बोलू द्यावं, एकट्यानं बोलू द्यावं. शक्यतो दुपारी. रात्री आईचा आवाज ऐकला की घर आठवतं आणि मग सगळी वाडी जागी होते. आणि त्याचे फोटो त्याच्या आईला जरूर पाठवा, सगळ्या जगाला दाखवण्याआधी मात्र तिला विचारा.

पाचवी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. काही घरं सुट्टीला निघताना कामवाल्या बाईंची मुलगी बरोबर नेतात. "तिलाही तेवढीच हवापालट," असं म्हणतात. मग ती मुलगी पूर्ण सहलभर बाळाला कडेवर घेऊन उभी असते आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवते. २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर कायद्यानं बंदी आहे. सुट्टीवर नेलं म्हणून काम हे काम व्हायचं थांबत नाही. न्यायचंच असेल तर तिला खिडकीची जागा द्या, वाळूत खेळू द्या, बाळ आपण घ्या. हे जमणार नसेल तर नेऊ नका, निदान तिला नेल्याचं पुण्य तरी सांगू नका.

आणि रागावण्याचं काय? मुलं म्हणजे मस्ती आलीच. आमच्याकडे नियम साधा होता. शिस्त सगळ्यांना एकच, पण लोकाच्या लेकरावर हात उचलायचा नाही. त्यातून झालं असं, की एक पोर बरोबर असलं की महिनाभर आम्हालाही मार बसत नसे, कारण त्याच्यासमोर आम्हाला मारलं तर ते घाबरेल. ते पोर आमच्याबरोबर यावं म्हणून आम्ही इतका हट्ट का धरायचो, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

दुसऱ्याचं मूल घरात आलं की घरही जरा नीट वागू लागतं. नवरा-बायको आवाज खाली ठेवतात. ताट वाढताना हात सैल होतो. 'हे याला चालेल का' हा प्रश्न दिवसातून दहादा पडतो. आणि तो प्रश्न पडणं हीच सभ्यतेची सुरुवात आहे असं मला वाटतं. आज माणसं शेजाऱ्याला घर देताना त्याची जात, धर्म, स्वयंपाकघर विचारतात. मीही ते प्रश्न ऐकले आहेत. 'तुम्ही काय खाता?' हा प्रश्न दार बंद करण्यासाठी विचारता येतो. माझ्या नानीनं तोच प्रश्न नवी चूल मांडण्यासाठी विचारला होता. शब्द तेच, फरक विचारणाऱ्याच्या मनात.

तेव्हा येत्या सुट्टीत निघण्यापूर्वी आपल्या इमारतीत, गल्लीत, मुलाच्या वर्गात एकदा नजर टाका. कुणाचं गाव पाण्याखाली गेलेलं असतं, कुणाचं कर्जात. कुणाच्या आईला रजा मिळत नाही, कुणाला आईच नसते. अशा एखाद्या घरी स्वतः जा, बसा, चहा घ्या आणि विचारा. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. हो म्हणाले तर न्या आणि जसं नेलं तसं परत आणून त्याच्या आईच्या हाती द्या. थोडं काळवंडलेलं, गुडघा खरचटलेलं, खिशात शिंपले भरलेलं असलं तरी हरकत नाही. तेवढं व्याज कुठलीही आई आनंदानं घेते.